फ्रेंच आडनावाचे मूळ शोधायचे आहे? कोणता दाखला, कुठे आणि कोणाला मिळतो

फ्रेंच आडनाव कुठून आले हे शोधताना बहुतेक जण आधी आडनावाचा अर्थ बघतात आणि मग एखाद्या दुकानातून घराण्याचे मानचिन्ह विकत घेतात. यातून हाती काही लागत नाही. मार्तँ किंवा द्युराँ ही आडनावे फ्रान्सभर पसरलेली आहेत आणि त्या घराण्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. मूळ सापडते ते गावात, आणि त्या गावापर्यंत सरकारी दाखलेच नेतात. शिवाय हे दाखले फुकट मिळतात.

कोणाला मिळतो

जन्म किंवा लग्नाच्या नोंदीला 75 वर्षे होऊन गेली असतील तर ती कोणीही बघू शकतो, नाते सांगावे लागत नाही. संबंधित व्यक्तीच्या मृत्यूला 25 वर्षे झाली असतील आणि ही मुदत आधी संपत असेल, तर तीच धरतात. मृत्यूच्या नोंदीला अशी अट नाही, तिची प्रत कोणीही मागू शकतो.

75 वर्षांच्या आतल्या जन्म-लग्नाची संपूर्ण नक्कल, म्हणजे ‘कोपी अँतेग्राल’, मात्र ती व्यक्ती स्वतः, तिचा जोडीदार, आईवडील-आजीआजोबा आणि मुले-नातवंडे यांनाच मिळते. पुतण्या-भाच्यांना नाही. इतरांना मिळतो तो आईवडिलांची नावे नसलेला उतारा, आणि वंशावळीसाठी तो निरुपयोगी आहे. म्हणून घरातल्या थेट वारसालाच अर्ज करायला सांगा.

अर्ज कुठे, कागद कोणते

ज्या गावात जन्म झाला किंवा लग्न लागले, तिथल्या ‘मेरी’कडे, म्हणजे नगरपालिकेकडे अर्ज करायचा. प्रत्यक्ष जा, टपालाने पाठवा किंवा सोय असेल तिथे ऑनलाइन भरा. अर्जात पूर्ण नाव, घटनेची तारीख आणि आईवडिलांची नावे लिहा, लग्नापूर्वीच्या आडनावासकट. सोबत ओळखपत्राची प्रत आणि नाते दाखवणारा कागद जोडा. त्यासाठी लग्नाच्या वेळी मिळणारी कुटुंबपुस्तिका, ‘लिव्हरे द फामीय’, उत्तम. फ्रेंच नागरिकाचा जन्म परदेशात झाला असेल तर अर्ज नाँत शहरातल्या परराष्ट्र खात्याच्या केंद्रीय नोंदणी सेवेकडे जातो. शुल्क मागणारी मध्यस्थ संकेतस्थळे टाळा.

दाखला आला की आधी समास वाचा. 1897 पासून जन्मनोंदीच्या समासात लग्नाची आणि 1945 पासून मृत्यूचीही टीप असते, त्यामुळे एका पानावरून पुढची दोन पाने कळतात. 19व्या शतकातल्या जन्मनोंदीत बाप अमक्या वेळी बाळ घेऊन हजर झाला, त्याचे वय, धंदा, दोन साक्षीदार, सगळे अक्षरी लिहिलेले असते. खाली सही असते. कारकुनाने आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले आणि बापाने सहीत दुसऱ्या तऱ्हेने, हे नेहमी दिसते. 1877 नंतर कुटुंबपुस्तिका सर्वत्र रूढ झाली आणि लेखन हळूहळू स्थिरावले. त्याआधीचे शोधताना सारख्या उच्चाराची सगळी रूपे तपासा.

जुन्या नोंदी

पुढचे काम जिल्हा अभिलेखागारात, आणि ते बहुतेक घरबसल्या होते, कारण बऱ्याच अभिलेखागारांनी वह्यांची छायाचित्रे ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. आधी दर दहा वर्षांची वर्णानुक्रमी सूची उघडा, मग मूळ पान. एक पिढी पक्की झाल्याशिवाय मागची धरू नका. मुलकी नोंदणी सप्टेंबर 1792 मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वहीत आहेत. 1539 च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या, तरी सगळ्याच गावांच्या वह्या इतक्या मागे जात नाहीत. 1793 ते 1805 मधल्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीने काढलेल्या नव्या पंचांगाप्रमाणे आहेत, त्या रूपांतर तक्ता घेऊनच वाचाव्या लागतात.

पॅरिसचे प्रकरण वेगळे आहे. मे 1871 मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या दिवसांत नगरभवन आणि न्यायभवन दोन्ही जळाली. एकेका इमारतीत नोंदींची एकेक प्रत होती, त्यामुळे 1860 पूर्वीच्या दोन्ही प्रती गेल्या. पुढे इतर कागदांवरून सुमारे एक तृतीयांश नोंदी पुन्हा तयार केल्या गेल्या. पॅरिसचा पूर्वज असेल तर आधी त्यातच बघा.

कागदोपत्री आडनाव आणि प्रसिद्ध आडनाव यांत किती अंतर पडते, याची दोन उदाहरणे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा द ब्वान्य 1751 मध्ये शांबेरीत जन्मला तो लबोर्न्य या आडनावाने. त्याच्यानंतर आलेला पेराँ मुळात पिएर क्युइए. प्रसिद्ध नावाने जन्मनोंद शोधली असती तर दोघेही हाती लागले नसते. शिवाय शांबेरी तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होते, ते कायमचे फ्रान्समध्ये आले 1860 मध्ये. म्हणून त्या काळी गाव कोणाच्या राज्यात होते, हे आधी पाहून घ्या.

पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंद्रनगर इथल्या जुन्या नोंदी दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या सागरपार अभिलेखागारात आहेत. 1776 च्या राजाज्ञेने वसाहतींच्या वह्यांची एक प्रत फ्रान्सला पाठवणे बंधनकारक केले होते, म्हणून त्या वाचल्या. या गावांतल्या एखाद्या भारतीय कुटुंबाचे आडनाव फ्रेंच असेल तर 21 सप्टेंबर 1881 चा हुकूम ध्यानात ठेवा. त्यानुसार ज्यांनी आपला वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारला, त्यांनी त्याच वेळी कुटुंबासाठी आडनाव निवडले. अशा घराण्यांनी जन्मदाखल्यांच्या बरोबरीने हा त्यागपत्राचा दस्तही मागवावा, कारण आडनाव पहिल्यांदा लिहिले गेले ते तिथेच.