वणव्याची राख आणि वणव्याचा कोळसा

वणवा विझल्यावर डोंगरावर जे काळं-पांढरं उरतं, त्याला आपण सरसकट ‘राख’ म्हणतो. पाऊस पडला की नदीत राख आली, पाणी राखेनं काळं झालं, असंच ऐकायला मिळतं. त्या काळ्या पाण्यात खरं तर दोन अगदी वेगळ्या वस्तू मिसळलेल्या असतात: राख आणि कोळसा. सूक्ष्मजीव त्यांच्याशी वागतात तेही अगदी वेगळ्या तऱ्हेनं.

फरक समजायला प्रयोगशाळा लागत नाही. कोळशाच्या इस्त्रीत काल विझलेला कोळसा आज पुन्हा पेटतो. राख कितीही फुंकली तरी पेटत नाही, कारण जळण्याजोगा कार्बन तिच्यातून जवळजवळ निघून गेलेला असतो. उरतात ती कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखी खनिजं. कोळसा म्हणजे पुरेशी हवा न मिळाल्यामुळे अर्धवट जळलेलं लाकूड. त्यातल्या कार्बनच्या षट्कोनी कड्या एकमेकींना चिकटून घट्ट जाळी झालेली असते. सूक्ष्मजीवांचं श्वसन हेही एक मंद ज्वलनच आहे. म्हणून जे पुन्हा पेटू शकतं ते कुणाचं तरी अन्न होऊ शकतं. राखेच्या बाबतीत ती शक्यताच नाही.

मग राख करते काय? ती सूक्ष्मजीवांच्या वस्तीची परिस्थिती बदलते. पूर्वी घरोघरी राखेनं भांडी घासत. तेलकटपणा निघायचा तो राखेच्या अल्कधर्मी गुणामुळे. तोच गुण जंगलाच्या आम्लधर्मी मातीत उतरला की मातीचा सामू (पीएच) वर जातो, आणि अशा मातीत अनेक जिवाणूंची बुरशीपेक्षा सरशी होते. स्फुरद आणि पालाश पटकन उपलब्ध होतात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यामागे राखेची ही खत म्हणून बाजू आहे, आणि आचेनं तणाचं बी मरतं ही दुसरी. राखेची गोष्ट बहुतेक इथेच संपते. वारा आणि पाऊस तिला लवकर पांगवतात.

कोळशाची गोष्ट लांबते. ‘कोळसा कुजत नाही’ हे आपण इतक्या खात्रीनं म्हणतो की त्यातला अर्धा भाग चूक आहे हे लक्षात येत नाही. पायरोनेमा नावाची एक नारिंगी रंगाची बुरशी वणव्यानंतर काही आठवड्यांतच जळक्या जमिनीवर उगवते. प्रयोगशाळेत तिला अन्न म्हणून कोळसाच दिला, तर ती त्यावर वाढली आणि त्यातल्या कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइड करून सोडला. अमेरिकेत कोलोरॅडो-वायोमिंगच्या सीमेवर २०१८ मध्ये जळलेल्या जंगलांच्या मातीत आर्थ्रोबॅक्टरसारखे जिवाणू वाढलेले दिसले. षट्कोनी कड्या फोडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुकं त्यांच्याकडे आहेत. ही विकरं ऑक्सिजनचा रेणू घेऊन कडीत घुसवतात. कडी उघडली की उरलेले तुकडे नेहमीच्या अन्नासारखे पचतात.

पण सगळा कोळसा सारखा नसतो. कमी आचेवर झालेल्या कोळशात लाकडाचे सुटे, लहान रेणू अजून शिल्लक असतात. ते आधी संपतात. आच जितकी जास्त, तितकी जाळी मोठी आणि फोडायला अवघड. शेतीसाठी मुद्दाम केलेल्या कोळशावरच्या, म्हणजे बायोचारवरच्या, अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३ टक्के कार्बन सरासरी १०८ दिवसांत जातो आणि बाकीचा ९७ टक्के सरासरी साडेपाचशे वर्षं टिकतो, असं निघालं. हा दुसरा आकडा तुलनेनं छोट्या मुदतीच्या प्रयोगांवरून पुढे ताणून काढलेला आहे. मला तो दिशा दाखवणारा वाटतो, मोजमाप नव्हे.

इथे आणखी एक गल्लत होते. मातीतला कोळसा कमी झाला म्हणजे तो कुजला, असं धरलं जातं. बऱ्याचदा तो फक्त निघून गेलेला असतो. हवा, पाऊस आणि सूक्ष्मजीव कोळशाच्या कडांवर ऑक्सिजन जोडत राहतात. तसे रेणू पाण्यात विरघळू लागतात, झऱ्यातून नदीत उतरतात. २०१३ मध्ये जगभरच्या नद्यांच्या नमुन्यांवरून केलेल्या अंदाजानुसार असा विरघळलेला काळा कार्बन वर्षाला सुमारे २.६५ कोटी टन समुद्राकडे जातो. नद्यांतल्या एकूण विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा तो जवळजवळ दहावा हिस्सा आहे. कोळसा जमिनीत कायमचा पुरून ठेवलेला ठेवा आहे असं मानणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

पाण्यात काम वाटून होतं. लहान, सुटे रेणू जिवाणू लगेच खातात. घट्ट चिकटलेल्या कड्या त्यांना जड जातात. त्या उथळ, स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाश तोडतो आणि तुटलेले तुकडे पुन्हा जिवाणूंच्या तोंडी लागतात. जलाशयाच्या तळाशी गाळात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे ऑक्सिजन वापरणारी विकरं तिथे चालत नाहीत आणि कोळसा पचणं फार मंदावतं. तरी तिथले काही जिवाणू कोळशाचा वेगळाच उपयोग करतात: श्वसनातले इलेक्ट्रॉन त्याच्यावर सोपवतात. म्हणजे वर जे अन्न होतं, ते खाली जवळजवळ विजेच्या तारेसारखं वापरलं जातं.

जळलेल्या पाणलोटातलं पाणी पिणाऱ्या शहरांना हा फरक थेट भोगावा लागतो. कोलोरॅडोत २०२० मध्ये कॅमरन पीक वणव्यात दोन लाखांहून जास्त एकर जंगल जळलं. त्यातला मोठा भाग फोर्ट कॉलिन्सला पाणी देणाऱ्या पुडर नदीच्या पाणलोटातला होता. अशा पाण्यातली राख आणि कोळशाचे कण तुरटीनं बसवता येतात, वाढलेला सामू खाली आणता येतो. विरघळलेला सेंद्रिय भाग मात्र वाळूच्या गाळणीतून बराचसा पार होतो आणि पुढे क्लोरीनशी संयोग पावून ट्रायहॅलोमिथेनसारखी अपायकारक संयुगं बनवतो. म्हणून शुद्धीकरण केंद्रात गढूळपणा उतरला तरी विरघळलेला कार्बन वेगळा मोजत राहावं लागतं.