मोठा आकडा म्हणजे भक्कम बाइंडिंग नव्हे

फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये उड्या मारायच्या तर १६ आकड्याचंच बाइंडिंग (बूट स्कीला जखडून ठेवणारा भाग) हवं, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

हा 'डिन' आकडा मजबुतीचा नाही. किती जोर आला की बाइंडिंगनं बूट सोडायचा, हे तो सांगतो. मार्कर कंपनीचं ग्रिफन हे बाइंडिंग ४ ते १३, तर तिचंच जेस्टर ६ ते १६ दरम्यान लावता येतं. ज्याचा आकडा ५ निघतो, त्याच्यासाठी जेस्टर पुरेसं सैल होतच नाही. पाय पिरगळेल, स्की सुटणार नाही.

आकडा ठरतो वजन, उंची, वय, स्कीइंगची शैली आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून. तळ लांब असेल तर आकडा कमी लागतो, कारण तरफ लांब होते. पन्नाशीपासून तो आणखी खाली आणतात.

उडीनंतर स्की निसटली की लोक लगेच स्क्रू आवळून आकडा वाढवतात. मला हे सर्वांत जास्त खटकतं. आधी टाचेकडून बुटावर येणारा दाब तपासा. अनेकदा तो चुकलेला असतो, बुटाखाली बर्फ साचलेला असतो किंवा तळ झिजलेला असतो. ग्रिपवॉक तळाचा (चालायला सोपा जावा म्हणून वक्र केलेल्या तळाचा) बूट जुन्या बाइंडिंगमध्ये घालणं हेही एक कारण.

आणि आकडा अचूक असला तरी गुडघ्याचा एसीएल (सांध्याच्या आतला एक मुख्य अस्थिबंध) सुरक्षित राहील, असं नाही. आधुनिक बाइंडिंगमुळे नडगीची हाडं मोडणं खूप कमी झालं. मागे पडताना पिरगळणारा गुडघा मात्र ती बहुतेक वेळा ओळखत नाहीत.

गुलमर्गला स्की भाड्यानं घेताना वजन आणि वय खरं सांगा.