पिकअपला पिकअप कुठून आला

मुंबईच्या गॅरेजांत ‘पिकअप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. दुसरा म्हणजे पाय दाबला की गाडी किती झटकन सुटते, तो जोर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ‘या पिकअपला पिकअप नाही’ असं कुणी म्हटलं तर कुणालाच खटकत नाही. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखी हौद्याची गाडी घेऊन तिथे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा रीमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून जोर वाढवण्याचा असतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न असायला हवा. कारण शोधायला या गाड्यांच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

मुंबईला या गाड्या नव्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत जुळणीचा कारखाना काढला आणि तिथे शेव्हरोलेच्या मोटारींबरोबर ट्रकही जोडले जाऊ लागले. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉजचे ट्रक जोडले, तर महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावात विलीज जीप. पण या साऱ्या गाड्या कामाच्या. हौसेखातर कुणी हौद्याची गाडी घेईल, हे त्या काळात कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

कामाच्या गाडीची घडण वेगळी असते. खाली शिडीसारखी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मागे अखंड ॲक्सल आणि त्यावर कमानी पाटे. पाटे कडक ठेवतात, कारण हौद्यात माल भरला तरी गाडी बसता कामा नये. याची किंमत रिकामी गाडी मोजते. इंजिनाचं वजन सगळं पुढे आणि हौदा मोकळा, त्यामुळे मागच्या चाकांवर भार कमी पडतो. खड्डा आला की शेपूट उडते. चाक हवेत किंवा जेमतेम टेकलेलं असेल, तर त्याच्याकडे पोचलेला जोर फुकटच जातो. पहिल्या पावसात पूर्व द्रुतगती मार्गावर, घाटकोपरच्या आसपास, रिकाम्या गाडीची शेपूट हलकेच बाजूला सरकलेली मी स्वतः अनुभवली आहे. वेग साठाच्याही आत होता. त्या दिवसापासून रीमॅपचा विषय मी मागे ठेवला.

अमेरिकन कंपन्यांनाही हे एकदम उमगलं नाही. डॉजने १९७८ मध्ये लाल रंगाचा, केबिनमागे दोन उभे सायलेन्सर असलेला ‘लिल रेड एक्सप्रेस’ काढला. त्या वर्षीच्या प्रदूषण नियमांतून जड ट्रकना सूट होती, म्हणून त्यात मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन मोकळेपणाने बसवता आलं. शेव्हरोलेने १९९० मध्ये ४५४ एसएसमध्ये ७.४ लिटरचं इंजिन घातलं, पण सोबत बिलस्टाइन कंपनीचे शॉक, म्हणजे धक्के शोषणारे दांडे, हेही दिले. म्हणजे विचार बदलू लागला होता.

खरा धक्का दिला १९९१ च्या जीएमसी सायक्लोनने. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, लावलेलं ४.३ लिटरचं व्ही-६, २८० अश्वशक्ती आणि चारही चाकांना जोर. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने घेतलेल्या पाव मैलाच्या चाचणीत त्याने फेरारी ३४८ ला मागे टाकलं. याचं श्रेय सगळे टर्बोला देतात. मला त्यातली चार चाकांची ओढ जास्त महत्त्वाची वाटते, कारण मागच्या हलक्या चाकांचा प्रश्न तिथेच सुटला. मोबदल्यात गाडीची उंची कमी झाली आणि माल वाहण्याची मर्यादा सुमारे २२५ किलोवर आली. हौदा उरला नावापुरता. फोर्डने १९९३ च्या लाइटनिंगमध्ये २४० अश्वशक्तीच दिली, पण चासी जास्त दणकट घेतली आणि गाडी खाली आणली. त्याच गाडीला ३६० अश्वशक्ती मिळाली ती १९९९ मध्ये. आधी चासी, मग जोर, हा क्रम मला पटतो.

२००४ च्या डॉज रॅम एसआरटी-१० मध्ये तर डॉजच्याच व्हायपर या स्पोर्ट्स कारचं ५०० अश्वशक्तीचं व्ही-१० आलं. पण पुढची वाट वेगळीच निघाली. २०१० च्या फोर्ड रॅप्टरने गाडी खाली आणण्याऐवजी उंच आणि रुंद केली, चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव दिला आणि फॉक्सचे शॉक बसवले. ती गाडी वाळवंटासाठी घडवलेली, पण पेव्हर ब्लॉक उखडलेल्या आपल्या रस्त्यांना खाली आणलेल्या ट्रकपेक्षा तीच वाट जवळची आहे.

भारतात ही हौस उशिरा पोचली. टाटांनी २००९ मध्ये झेनॉन आणली, इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. हायलक्सच्या ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ, मिळतो. एवढा टॉर्क असताना जोर कमी पडतो म्हणणं मला कळत नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्स या दोन्हींच्या मागे आजही कमानी पाटेच आहेत, म्हणजे दुखणंही जुनंच.

जोर वाढवणं मात्र पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. जुन्या डिझेल गाडीत पंपवाला मिस्त्री स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचा आणि काळा धूर सगळ्यांना दिसायचा. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यातली डिझेल फवारण्याची पद्धत, आल्यावर तेच काम लॅपटॉपवर होऊ लागलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे कडक प्रदूषण मानक लागू झालं. तेव्हापासूनच्या गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो, आणि बेताल रीमॅपने तो लवकर तुंबतो.

कायदाही पाहायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

म्हणून हात घालायचा तो आधी टायरला, तोही कंपनीच्याच मापाच्या, पण ओल्या रस्त्यावर धरणाऱ्या. मग चांगले शॉक, मग ब्रेकचे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. पाट्यांना मी सहसा हात लावत नाही, कारण गाडीची भार पेलण्याची ताकद त्यांच्यावर आहे. आणि यातलं काहीही विकत घेण्याआधी चालकाच्या दाराजवळचा हवेच्या दाबाचा स्टिकर वाचावा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगवेगळे आकडे दिले असतील, तर वर्षभर हौदा रिकामा ठेवून भरलेल्या गाडीची हवा मारत फिरू नये.