सात बेटे (मुंबई)

सात बेटे : मुंबईच्या मूळ भूरचनेविषयीची रूढ कल्पना. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही बेटे भरणी करून सांधली गेली आणि त्यांतून आजचे शहर उभे राहिले, हा तिचा सर्वपरिचित आशय. पर्यावरणविषयक मानव्यविद्यांच्या (इतिहास, साहित्य, मानवशास्त्र यांच्या अंगाने होणाऱ्या पर्यावरणाच्या अभ्यासाच्या) अलीकडील लेखनात ही कल्पनाच तपासली जात आहे.

सात या संख्येच्या उगमाविषयी एकमत नाही. ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीने इ. स. च्या दुसऱ्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरील ‘हेप्टानेसिया’ या सात बेटांच्या समूहाचा निर्देश केला आहे. तो समूह म्हणजेच मुंबई, असे जुन्या शहरवर्णनांत सर्रास लिहिलेले आढळते. परंतु टॉलेमीची स्थाननिश्चिती ढोबळ असल्याने हे समीकरण संभाव्य यापलीकडे मानता येत नाही. याउलट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या १६६१ च्या विवाहकरारात, ज्यान्वये पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना दिली, ‘मुंबईचे बंदर व बेट’ असा एकवचनी उल्लेख आहे. १६६५ मध्ये इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुकने ताबा घेतला तेव्हा करारात केवळ मुख्य बेट येते, माहीम येत नाही, अशी पोर्तुगीजांची भूमिका होती. इंग्रजांनी माहीमही घेतले. म्हणजे एक बेट कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हा प्रश्न आरंभापासूनच सत्तेचा आणि महसुलाचा होता.

वास्तुरचनाकार अनुराधा माथूर व दिलीप दा कुन्हा यांनी ‘सोक’ (२००९) या ग्रंथात मुंबईकडे बेटांचा समूह म्हणून न पाहता खाडीमुखाचा प्रदेश म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले. उमरखाडीसारख्या खाड्यांतून उधाणाचे पाणी आत शिरे. ओहोटीला तेथेच चिखल व खाजणे उघडी पडत. पावसाळ्यात चित्र पुन्हा पालटे. जमीन कोणती आणि समुद्र कोणता, हे नकाशा कोणत्या ऋतूत व कोणत्या वेळी काढला यावर ठरत असे. उपलब्ध वर्णनांशी हे मत अधिक जुळते. वरळीजवळचा हॉर्नबी वेलार्ड हा बांध १७८४ मध्ये पूर्ण झाल्याचे सामान्यतः सांगतात. काम टप्प्याटप्प्याने झाले असावे. शीव (१८०३), कुलाबा (१८३८) आणि माहीम (१८४५) हे बांधरस्ते त्यानंतरचे.

मराठी साधनांत महिकावतीची बखर (संपा. वि. का. राजवाडे, १९२४) व गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) महत्त्वाची आहेत. बखरीची प्रकरणे वेगवेगळ्या काळांत रचलेली असल्याने किनाऱ्याच्या इतिहासासाठी ती जपून वापरावी लागते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. नदीमुखाजवळची खारफुटी व खाजणे भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभारल्याची चर्चा त्यानंतर तीव्र झाली, आणि भरणीचा इतिहास हा अभ्यासकांपुरता विषय राहिला नाही. कादंबरीकार अमिताव घोष यांनी २०१६ मध्ये मुंबईवर चक्रीवादळ आदळण्याच्या शक्यतेचा सविस्तर विचार केला. मानवशास्त्रज्ञ निखिल आनंद यांचा शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथ २०१७ चा.

कोळ्यांचे समुद्रज्ञान या लेखनात अजून तुटकपणे येते, ही मोठी उणीव होय. कारण किनाऱ्याचे रोजचे जाणकार तेच. वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांतील अंतर ६० मीटर ठरले होते. वारा व प्रवाह यांमुळे एवढ्या जागेतून नावा सुरक्षित नेता येणार नाहीत, असा तेथील मच्छीमारांचा आक्षेप होता. दीर्घ आंदोलनानंतर हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले.