शीतक : पातळी आणि तीव्रता यांची तपासणी

मोटारगाडीच्या एंजिनातील उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारा द्रव म्हणजे शीतक. व्यवहारात त्याला कूलंट म्हणतात. बहुधा ते एथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधके यांचे मिश्रण असते. शीतक कमी होणे व शीतक पातळ होणे हे दोन वेगळे दोष आहेत. शीतकाची बाटली भरलेली असली तरी आतले मिश्रण निकामी असू शकते.

एथिलीन ग्लायकॉल प्रथम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ व्हुर्ट्स (१८१७–८४) यांनी तयार केले. त्याचे वर्ष बहुतेक ठिकाणी १८५६, तर काही ठिकाणी १८५९ असे दिलेले आढळते. एथिलीन आयोडाइड व सिल्व्हर ॲसिटेट यांच्या विक्रियेतून मिळालेल्या संयुगाचे पोटॅशियम हायड्रॉक्साइडाने विच्छेदन, ही त्यांची मूळ पद्धत होती. मोटारींत आधी मिथेनॉलासारखी अल्कोहॉले वापरत. ती उडून जात, म्हणून ग्लायकॉल साधारणतः १९२० नंतरच्या दशकात पुढे आले. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान-एंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल असे. पुढे दाबाखालील ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल हे मिश्रण आले.

पातळी एंजिन थंड असतानाच, बाटलीवरील किमान व कमाल खुणांच्या मध्ये पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये; दाब सुटताच द्रव उसळून भाजते. डॅशबोर्डामागे खळखळ ऐकू येणे, हीटरमधून गार हवा येणे ही पातळी घटल्याची लक्षणे होत. तापमानाचा काटा मात्र फसवतो : संवेदक द्रवाबाहेर उघडा पडला, तर एंजिन तापत असूनही काटा खाली राहू शकतो.

पातळ झालेल्या मिश्रणाचे निदान रंगावरून होत नाही. रंग उत्पादकागणिक बदलतो. घनता मोजणारा तरकाटा स्वस्त असला, तरी त्याला मर्यादा आहेत. २०° से. ला एथिलीन ग्लायकॉलाची घनता सुमारे १·११ ग्रॅ./घ. सेंमी. असल्याने त्याचे प्रमाण घनतेवरून काढता येते. काही शीतकांत त्याऐवजी असणाऱ्या प्रॉपिलीन ग्लायकॉलाची घनता केवळ १·०४ च्या आसपास असते; शिवाय त्याच्या जलीय मिश्रणाची घनता सुमारे ७० टक्क्यांपर्यंत वाढून पुढे घटते, म्हणजे एकाच आकड्याला दोन उत्तरे निघतात. त्यामुळे द्रवात प्रकाश किती वळतो हे मोजणारा वक्रीभवनमापक (रिफ्रॅक्टोमीटर) अधिक विश्वसनीय मानावा. पाण्याचा वक्रीभवनांक १·३३, एथिलीन ग्लायकॉलाचा १·४३. दोन-तीन थेंब पुरतात. मात्र दोन्ही ग्लायकॉलांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

या उपकरणांवर बहुधा गोठणबिंदू दिलेला असतो : निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे –३७° से., एकतृतीयांश ग्लायकॉल असल्यास सुमारे –१८° से. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न जवळजवळ नाही, म्हणून हा आकडा निरुपयोगी समजला जातो. ते बरोबर नाही. त्यावरूनच गंजरोधके किती पातळ झाली याचा अंदाज येतो. शिवाय निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या दाबाला सुमारे १०७° से. असतो, हे खंबाटकीसारख्या घाटात भरल्या गाडीला महत्त्वाचे ठरते. विहिरीचे वा बोअरचे क्षारयुक्त जड पाणी वारंवार ओतल्यास क्षार बसून नळ्या अरुंद होतात. गंजरोधकांची उरलेली क्षमता मात्र वक्रीभवनमापक सांगत नाही. त्यासाठी चाचणी-पट्ट्यांनी पीएच (आम्लतेचे माप) पाहतात.

पाण्याचीच वाफ गेली असेल, तर ग्लायकॉल मागे राहते आणि ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालणे योग्य. गळती असेल तर दोन्ही जातात. तेव्हा नुसते पाणी घातल्यास मिश्रण पातळ होत जाते. बाहेर थेंब न दिसता पातळी घटत असेल, तर हेड गॅस्केट (एंजिनाचा ठोकळा व त्यावरील हेड यांमधील सांधा बंद ठेवणारी चकती) फाटल्याचा संशय घ्यावा : एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर. झाकणापाशी जमणारी हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या द्रावणातून ओढली असता निळा रंग पिवळा झाल्यास ज्वलनवायू शीतकात शिरत असल्याचे ठरते.

एथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असल्याने काढलेले शीतक मुले व कुत्र्या-मांजरांपासून दूर, झाकणबंद डब्यात ठेवावे.