लेटन्सी (संगणकीय ध्वनिमुद्रण)

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना आवाज आत जाऊन परत कानावर येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारे यंत्र) आवाजाचे आकडे करतो आणि संगणक ते गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेतले जात असतील तर २५६ सॅम्पलचा बफर भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात, १०२४चा भरायला २३.२. जाताना आणि येताना मिळून दुप्पट. शिवाय रूपांतराचा वेळ वेगळा.

द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेत चार बोल धरले, तर एका बोलाच्या वाट्याला ६२.५ मिलिसेकंद येतात. १०२४च्या बफरवर तबलजीला स्वतःचा ठोका ४६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे पुढचा बोल जवळजवळ येऊन ठेपलेला असतो. अशाने कसलेला हातही अडखळतो. दोष त्याच्या तयारीचा नसतो. गायकाला तर याहून कमी उशीरही जाचतो, कारण त्याचा आवाज हाडांतून त्याला आधीच ऐकू आलेला असतो.

बफर लहान केला की उशीर घटतो, पण संगणकाला वेळेत काम उरकत नाही आणि आवाजात कडकड येते. म्हणून मुद्रण लहान बफरवर आणि मिक्सिंग मोठ्यावर करतात. विंडोजवर यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेल्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर) वापरतात. मॅकवर त्या कामाची कोअर ऑडिओ ही यंत्रणा मुळातच असते. सगळ्यात खात्रीचा उपाय डायरेक्ट मॉनिटरिंगचा: त्यात माइकचा आवाज संगणकात न शिरता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात घेऊ नयेत.

कानाला जाणवणारा उशीर आणि नवा मुद्रित ट्रॅक आधीच्या ट्रॅकच्या मागे पडणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. दुसरी गोष्ट केवळ मोजून सुधारता येते. ड्रायव्हर सांगेल तेवढा उशीर सॉफ्टवेअर आपोआप वजा करते, मात्र तो आकडा दर वेळी बरोबर असतोच असे नाही. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटला केबल जोडावी, मेट्रोनोमची टिकटिक वाजवून तीच पुन्हा मुद्रित करावी आणि दोन्ही लहरी मोठ्या करून पाहाव्यात. नवी टिक जितके सॅम्पल मागे दिसेल तितकी दुरुस्ती सेटिंगमध्ये भरावी. पाच मिनिटांचे हे काम प्रत्येक नव्या इंटरफेसवर करायलाच हवे.

दोन यंत्रांची सॅम्पलचा वेग ठरवणारी आतली घड्याळे वेगळी असली तर मात्र ट्रॅक सरकवून भागत नाही. दहा लाखांत वीस भागांचा फरक तासाभरात ७२ मिलिसेकंद होतो. सुरुवात जुळते, शेवट सुटतो. स्टुडिओत वर्ड क्लॉकची केबल जोडून एकाच यंत्राचे घड्याळ सर्वांना लावतात. मैफलीत कॅमेरा आणि रेकॉर्डर वेगवेगळे चालत असतील तर सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी दोघांनाही ऐकू जाईल अशी वाजवून ठेवतात. दोन टाळ्यांमधले अंतर सारखे होईपर्यंत एक ट्रॅक किंचित ताणला की दोन्ही जुळतात.