मॅरिनेड आत मुरतं तरी किती?

रात्रभर मॅरिनेडमध्ये, म्हणजे तेल-मसाल्याच्या मिश्रणात, ठेवलेला बीफ स्टेक शिजवण्याआधी मधोमध कापून बघा. मसाल्याचा रंग कडेला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर चढलेला असतो, आतलं मांस कोरंच. मांसात पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि लसूण, मिरी, रोझमेरी यांचा सुवास बहुतांशी तेलात विरघळणारा. त्याला आत वाट कुठून मिळणार? ‘चोवीस तास मुरवा’ म्हणणाऱ्या पाककृतींवर मी त्यामुळे फारसा विश्वास ठेवत नाही.

खरं आत शिरतं ते मीठ. चोळल्यावर आधी मांसाला पाणी सुटतं, मीठ त्यात विरघळतं आणि हळूहळू आत झिरपतं. तिथे मायोसिन हे प्रथिन सैल पडून पाणी धरून ठेवतं. म्हणून इंचभर जाड स्टेकला मीठ लावायचं ते भाजण्याआधी निदान पाऊण तास, नाहीतर अगदी ग्रिलवर टाकताना. दहा मिनिटं आधी लावलंत तर सुटलेलं पाणी वरच राहतं, आणि ते फार नडतं.

कारण भाजल्याचा खमंगपणा येतो तो प्रथिनं आणि शर्करा यांच्या अभिक्रियेतून. लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तिला वेग येतो साधारण १४० अंश सेल्सिअसला. पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत तापमान १००च्या वर सरकत नाही. तोवर स्टेक वाफवला जातो आणि करडा पडतो. मॅरिनेडमधून काढलेला तुकडा कागदी रुमालाने खसखसून टिपायचा तो यासाठी. मॅरिनेडमध्ये मध किंवा साखर असेल तर जपून, ती मांसाआधी करपते.

मोठ्या आचेने ‘रस आत कोंडला जातो’ ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगची, १८४७ची. ती चुकीची आहे. तापलेल्या जाळीवर येणारा चर्र आवाज म्हणजे बाहेर पडणारं पाणीच की!

मटणाला कच्ची पपई लावायची आपली सवय इथे नको. तिच्यातलं पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर सर्वांत जोमाने काम करतं ६०-७० अंशांना, म्हणजे भाजताना. तेही वरच्या थरातच; तो लिबलिबीत होतो, आत फरक नाही.

आत काय चाललंय ते थर्मामीटरच सांगतो. पन्नास अंशांच्या आसपास मायोसिन घट्ट होऊ लागतं, साठनंतर कोलॅजन, म्हणजे तंतूंना बांधणारं प्रथिन, आकसून पाणी पिळून काढतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सुरक्षित आकडा अख्ख्या स्टेकसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती. खिम्याला मात्र ७१, कारण दळताना पृष्ठभागावरचे जिवाणू सगळीकडे मिसळतात. ताटात उतरणारं लाल पाणी रक्त नव्हे, मायोग्लोबिन या स्नायूंतल्या लाल प्रथिनामुळे तांबूस झालेलं पाणी.

फ्लँकसारखा (पोटाकडच्या भागाचा) चिवट तुकडा असेल तर धारदार सुरीने तंतूंच्या आडव्या, पातळ चकत्या करा. दातांना तोडावे लागणारे तंतूच आखूड होतात. हे काम कुठल्याच मॅरिनेडला इतकं जमत नाही.